कशावरून?

मे महिन्यात नातवाला घेऊन माहेरी गेले होते. पाटणच्या पुढं, कोयनेच्या काठाला आमचं गाव. रात्रीचे अडीच-पावणेतीन वाजले असतील. आधी मांडणीवरची भांडी किणकिणली, मग दाराची कडी दोनदा वाजली, आणि खालून, पोटात गुरगुरावं तसा आवाज आला नि गेला. चार-पाच सेकंदांत सगळं गप्प. आमच्याकडं ह्याचं कुणी फारसं मनावर घेत नाही. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर ‘तीन-दोनचा असंल’, ‘छ्या, तीनच्या आतला’ अशी पैज लागते आणि पेपरात आकडा आला की मिटते. माझी काकी चौऱ्याऐंशी वर्षांची. अजून खालीच वाकळ टाकून झोपते. ती उठलीसुद्धा नाही. तिनं झोपेतच हात बाहेर काढला, तळवा फरशीवर टेकवला, जरा वेळ तसाच ठेवला आणि “गेला” म्हणून पुन्हा वाकळेत घेतला. नातू मात्र ताडकन उठून बसला होता. नऊ वर्षांचा, पुण्यात वाढलेला. त्या दिवसांत टीव्हीवर सकाळपासून रात्रीपर्यंत युद्धाच्याच बातम्या होत्या, सायरनचे आवाज, नकाशावर सरकणारे लाल बाण. आम्ही थोरं जेवताना तेच बघत होतो आणि पोरगं आमच्या ताटाशेजारी बसलेलं होतं, हे त्या रात्री माझ्या ध्यानात आलं.

“आज्जी, बॉम्ब पडला?”

काकीनंच अंधारातून उत्तर दिलं, “न्हाई रं बाळा, भुईचा हाय ह्यो. नीज.”

“कशावरून?”

काकीला तोवर झोप लागली होती. उत्तर द्यायचं होतं ते मी. तेहतीस वर्षं नववी-दहावीला विज्ञान शिकवलं, आणि पोराच्या पाठीवर हात फिरवत म्हणाले, “सकाळी सांगते.” सकाळी तो ओढ्यावर खेकडे धरायला पळाला, मी भाकरीच्या नादाला लागले. दोन दिवसांनी त्याला पुण्याला पोचवला. त्याचा प्रश्न माझ्याजवळच राहिला. भूकंप कशावरून? बॉम्ब कशावरून नाही? हा नऊ वर्षांच्या पोराचा प्रश्न नव्हेच, असं पुढं कितीतरी दिवस वाटत राहिलं. जगातली मोठमोठी माणसं ह्याच एका प्रश्नावर वर्षानुवर्षं समोरासमोर बसली होती.

भूकंपाची माझी पहिली आठवण थंडीची आहे. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट, मी चार वर्षांची. आठवतं ते एवढंच, की तोंडावरची वाकळ कुणीतरी ओढली आणि गार वारा गालाला लागला. बाकीचं सगळं काकीकडून ऐकलेलं, आणि इतक्यांदा ऐकलेलं की आता ते माझंच झालंय. “पहाटचं चारच्या पुढं झालं असंल. तुला वाकळंत गुंडाळली आन् अंगणात पळालो. म्हस दावं तोडून आधीच भाईर. भिताडं अशी यायला लागली, जणू कुणी मागनं ढकलतंय.” कोयनानगर भुईसपाट झालं. दीडशेच्या वर माणसं गेली. आमच्या घराची पडवी पडली, माणसं राहिली. त्यानंतर कितीतरी रात्री लोक उघड्यावर, पत्र्याखाली झोपले. शेषानं फणा बदलला असं आजी म्हणायची. आजोबांचं म्हणणं वेगळं. एवढं पाणी डोक्यावर आणून ठेवल्यावर भुई गप कशी बसंल, असं ते म्हणत. धरणात पाणी अडवायला लागल्यापासून बारीक धक्के बसतच होते, आणि पाण्याच्या साठ्यामुळं भूकंप होतात ह्याचं जगातलं ठळक उदाहरण म्हणून पुढं अभ्यासकांनी कोयनेचंच नाव घेतलं. आजोबा शाळेत गेले नव्हते.

बी.एस्सी.ला कराडला होते तेव्हा वाचनालयातल्या एका जाड पुस्तकात कोयनेच्या भूकंपाचा आलेख पाहिला. आधी बारीक थरथर, मग एकदम उसळलेली, कागदाबाहेर जाऊ पाहणारी शाई. ज्या घटकेला काकी मला घेऊन अंगणात पळत होती, ती घटका. अंगावर काटा आला. त्याहून जास्त चकित झाले ते पुढं, ही यंत्रं मुळात कशासाठी बसवली होती हे कळल्यावर. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेनं जगभर शंभराहून जास्त ठिकाणी एकाच जातीचे भूकंपमापक बसवायला घेतले. एक पुण्यातही होता. पैसा त्यासाठी आला होता की जमिनीखाली कुणी अणुबॉम्ब फोडला तर कळावं, भूकंप आणि स्फोट ह्यांतला फरक शास्त्रज्ञांना नीट अभ्यासता यावा. बॉम्बच्या पाळतीवर बसवलेल्या त्या यंत्रांनी भूकंपांच्या इतक्या नेमक्या नोंदी दिल्या, की पृथ्वीचं कवच तुकड्यातुकड्यांचं आहे आणि ते तुकडे सरकतात हे पटवून द्यायला त्या कामी आल्या. दहावीच्या वर्गात भूपट्टांचा धडा शिकवताना हे मी दरवर्षी सांगत असे. पुस्तकात नव्हतं, तरी सांगत असे.

१९५८च्या उन्हाळ्याचं मला फार अप्रूप आहे. जिनिव्हात आठ देशांचे तज्ज्ञ जमले होते. चार अमेरिकेच्या गटाचे, चार रशियाच्या. पुढाऱ्यांनी त्यांच्यापुढं नेमका नातवाचाच प्रश्न ठेवला होता. अणुचाचण्या बंद करायचा करार उद्या केलाच, तर चोरून फोडलेला बॉम्ब ओळखता येईल का? जुलै-ऑगस्टचे सात आठवडे ती माणसं बसली. जमिनीवर १६० ते १७० नोंदणी केंद्रं आणि समुद्रावर दहा जहाजं असं जाळं त्यांनी कागदावर मांडलं. घरी परतल्यावर ह्यांतले काही जण पुन्हा शस्त्रांच्याच प्रयोगशाळांत गेले असतील. तरीही त्या सात आठवड्यांत त्यांचं भांडण लाटेच्या उंचीवरून होतं, आणि लाट कुणाच्या पक्षाची नसते. माझ्यासारख्या भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या बाईला ह्यात एक मोठा दिलासा वाटतो, तो मी लपवत नाही.

त्याच्या आदल्याच वर्षी, जुलै १९५७ मध्ये, कॅनडाच्या किनाऱ्यावरच्या पगवॉश नावाच्या खेड्यात अणुशस्त्रांच्या धोक्यावर बोलायला २२ जण जमले होते. ती बैठक खरं तर दिल्लीत व्हायची होती. नेहरूंनी तयारी दाखवली होती. पण सुएझचं प्रकरण पेटलं आणि ते राहून गेलं. मग त्या खेड्यात जन्मलेल्या एका उद्योगपतीनं आपल्या गावी बोलावलं, खर्च उचलला, आणि त्या खेड्याचं नाव एका चळवळीला लागलं. मला त्यातला एक नियम फार आवडतो. तिथं येणारा माणूस आपल्या सरकारच्या वतीनं यायचा नाही, स्वतःच्या नावानं यायचा. अमेरिकेचा, रशियाचा, जपानचा, चीनचा, सगळे फक्त आपापल्या डोक्यानिशी. गावकीच्या बैठकीत भावकीचं भांडण मिटवायचं असलं की म्हातारी माणसं म्हणतात ना, ‘घराण्याचं बाजूला ठेवा, तुम्ही काय म्हणताय ते बोला.’ आमच्याकडं बांधाची भांडणं अशीच मिटतात. न मिटली तर दोन पिढ्या पाटणच्या कोर्टात जातात.

त्या चळवळीमागं जो माणूस जन्मभर उभा राहिला, त्या जोसेफ रोटब्लाटचं कात्रण माझ्याकडं अजून आहे. १९९५चं. हिरोशिमाला पन्नास वर्षं झाली त्याच वर्षी त्याला आणि पगवॉश परिषदेला मिळून शांततेचं नोबेल मिळालं. वॉर्सात जन्मलेला, गरिबीत वाढलेला पदार्थवैज्ञानिक. १९३९च्या उन्हाळ्याअखेर इंग्लंडला निघताना बायकोचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेलं, म्हणून ती मागं राहिली. बरी झाली की येणार होती. काही दिवसांतच हिटलरनं पोलंडवर चाल केली. ती पुन्हा दिसली नाही. हिटलरच्या आधी बॉम्ब आपल्याकडं हवा, ह्या धसक्यानं रोटब्लाट अमेरिकेत जिथं बॉम्ब बनत होता त्या लॉस अलामॉसला गेला. जर्मनी बॉम्ब बनवत नाहीये हे १९४४च्या अखेरीला कळल्यावर तो काम सोडून इंग्लंडला परतला आणि पुढं किरणोत्सर्गाचा वैद्यकीय उपयोग करण्यात आयुष्य घातलं. हे कात्रण मी नववीच्या वर्गात वाचून दाखवलं होतं. मागच्या बाकावरच्या एका पोरानं विचारलं, “मग बाकीचे का नाही परत आले, बाई?” मी म्हणाले, सुरू केलेलं काम तडीला जातंय का हे बघायची ओढ फार जबर असते. पोरांना ते पटलं नाही. मला स्वतःला ते पटतं, आणि म्हणूनच भीती वाटते.

तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल आणि आइनस्टाइन ह्यांच्या अणुयुद्धाविरुद्धच्या जाहीरनाम्यावरही रोटब्लाटची सही आहे. ९ जुलै १९५५ ला लंडनमध्ये तो वाचला गेला, अकरा सह्यांनिशी. आइनस्टाइन एप्रिलमध्येच गेले होते. रसेल विमानात असताना त्यांना ती बातमी कळली, आणि पॅरिसला उतरल्यावर आइनस्टाइननी सही करून पाठवलेलं पत्र हातात पडलं. त्या जाहीरनाम्यातलं एक वाक्य मी फळ्यावर लिहीत असे: आपण माणूस आहोत एवढं लक्षात ठेवा, बाकीचं विसरा. एकदा सफाईवाल्या मावशींनी ते पुसलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात गेले तर फळ्यावर तसंच होतं.

१९९८चा मे महिनाही आठवतो. बुद्धपौर्णिमा होती, ११ मे, सोमवार. शाळेला सुट्टी. संध्याकाळी भाजी घ्यायला साताऱ्यात मोती चौकाकडं गेले तर फटाके वाजत होते. एकानं माझ्या पिशवीतच कंदी पेढ्याचा पुडा टाकला. “घ्या बाई, पोखरण झालं!” मी पेढा खाल्ला. आनंद झाला होता, हे मी नाकारणार नाही. आपल्या माणसांनी, इतक्या निर्बंधांत, वरून टेहळणी करणाऱ्या उपग्रहांना चकवून हे केलं होतं. घरी येऊन टीव्ही लावला. वाळवंटातली धूळ उसळताना, जमीन फुगून खाली बसताना दाखवत होते. आणि त्या दृश्यापाशी माझी जीभ कोरडी पडली. पुढं पेपरात आलं की जवळच्या खेतोलाई गावातल्या घरांना तडे गेले. भिंतीचा तडा कसा असतो हे आमच्या खोऱ्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. काकीच्या माजघरात सदुसष्टचा एक तडा अजून आहे. कितीदा लिंपला, पांढरा केला, पावसाळ्यात पुन्हा उमटतो. त्या पुड्यातले उरलेले पेढे मी काकीसाठी घेऊन गेले. तिनं एक खाल्ला आणि विचारलं, “मग आता आपल्या पोरांना बॉर्डरवर जायला नको ना?” तिचा थोरला फौजेत होता. आमच्या जिल्ह्यात हा प्रश्न घरोघर असतो. पुढच्याच उन्हाळ्यात कारगिल झालं. तो सुखरूप परत आला. शेजारच्या गावातला एक आला नाही.

म्हणून मला कुणी विचारलं की तुझा बॉम्बला विरोध आहे का, तर एका शब्दात उत्तर देता येत नाही. ज्यांच्याकडं हजारोंनी आहेत त्यांनी ठेवायचे आणि बाकीच्यांनी हात वर करायचे, हा न्याय मला कधीच पटला नाही. पण ज्या वस्तूच्या वापराचा विचार मनात आणतानासुद्धा आपलीच नातवंडं डोळ्यांपुढं येतात, ती उशाशी ठेवून शांत झोप लागावी हेही मला जमलेलं नाही.

कुलूपबंद पेट्यांची गोष्ट नातवाला आवडेल असं मला वाटत होतं. १९६२ मध्ये लंडनच्या पगवॉश बैठकीत तीन अमेरिकी आणि तीन सोव्हिएत शास्त्रज्ञांनी मिळून एक तोडगा काढला. रशियाला परकी निरीक्षक आपल्या भूमीवर नको होते, हेरगिरीचा संशय. अमेरिकेला निरीक्षकांशिवाय विश्वास नव्हता. मग ह्या सहा जणांनी सुचवलं की माणसं नको असतील तर सीलबंद भूकंपमापक पेट्या ठेवू, कुणी हात लावला तर कळेल अशा. ख्रुश्चेव्ह यांनी केनेडींना लिहिलेल्या पत्रात ह्या पेट्यांचा उल्लेख आहे. पण गाडं अडलं ते प्रत्यक्ष तपासणीच्या आकड्यावर. वर्षाला दोन-तीन, म्हणाले रशियन. अमेरिकन सातावर आले आणि तिथंच थांबले. तीन आणि सात ह्यांच्यामध्ये जमिनीखालच्या चाचण्या निसटल्या. ऑगस्ट १९६३च्या करारानं हवेतल्या, पाण्यातल्या आणि अवकाशातल्या चाचण्या बंद झाल्या, भारतानंही त्यावर सही केली. हवेतून खाली येणारी किरणोत्सारी धूळ घटली, पाऊस आणि दूध पुष्कळ स्वच्छ झालं. मात्र जमिनीखाली पुढं शेकडो स्फोट झाले. बांधावरच्या हातभर जागेसाठी सबंध शेत पडीक पडावं, तसं हे वाटतं मला.

आणि १९८६. ही गोष्ट वाचताना मी एकटीच खोलीत उभी राहिले होते. सोव्हिएत संघानं स्वतःहून चाचण्या थांबवल्या होत्या, आणि ते खरं कशावरून, हा प्रश्न अमेरिकेत विचारला जात होता. तेव्हा अमेरिकेतल्या एका खाजगी पर्यावरण संस्थेनं आणि सोव्हिएत विज्ञान अकादमीनं थेट आपसात करार केला. त्या जुलैत अमेरिकन भूकंपशास्त्रज्ञ आपली यंत्रं घेऊन कझाकस्तानात, सेमिपलातिन्स्कच्या चाचणी क्षेत्राच्या आसपास पोचले. ज्या जमिनीखाली बॉम्ब फुटायचे तिच्याजवळ, ग्रॅनाइटवर, शत्रूच्या देशातल्या माणसांनी यंत्र ठेवलं आणि त्या देशाच्या शास्त्रज्ञांनी ते ठेवायला हातभार लावला. सगळं गोडच झालं असंही नाही. फेब्रुवारी १९८७ मध्ये रशियनांनी चाचण्या पुन्हा सुरू केल्या आणि त्या वेळांपुरती ती यंत्रं बंद ठेवावी लागली. तरी १९८८ मध्ये दोन्ही सरकारांनी एकमेकांच्या चाचणीस्थळी जाऊन मोजमाप केलंच. दाराची कडी एकदा निघाली होती.

दिवाळीत नातू पुन्हा आला. भाऊबीजेच्या संध्याकाळी पाट मांडले होते, ओवाळून झालं होतं, पोरं फुगे घेऊन दंगा करत होती. मी त्याला हाक मारली. दोन पाट लांबीला लांबी चिकटवून ठेवले आणि चार बाजूंना चौघांना बसवलं. तो, त्याची मावसबहीण, काकी आणि मी. प्रत्येकाचा तळवा एकेका पाटाच्या टोकाला. “आता डोळे मिटा,” म्हणाले, आणि माझा भाऊ उभा होता त्याला खूण केली. त्यानं एक पाट पुढं सारला, दुसरा मागं ओढला.

“मला ढकललं,” नातू म्हणाला.

“मला वढलं,” काकी म्हणाली.

“हा भूकंप. कोयनेचा असाच होता, जमिनीचे दोन तुकडे एकमेकांना घासून आडवे सरकले. म्हणून कुणाला धक्का बसतो, कुणाकडून जमीन मागं जाते. आता बॉम्ब.” पाट काढले, मधोमध फुगा धरला, चौघांचे तळवे त्याला लावले आणि भाऊ फुंकत गेला. चौघांचेही हात बाहेर गेले. काकी हसायला लागली. नातू हसला नाही. तो हातांकडं बघत होता.

“सगळ्यांना ढकललं तर बॉम्ब?”

“पहिला धक्का सगळीकडं बाहेरच्या बाजूला, हो. आणखीही खुणा असतात, लाटा कुठल्या किती मोठ्या, किती खोलवरून आल्या. पण सुरुवात इथून.”

“पण मग,” तो थांबला. “मी एकटाच असलो तर मला कसं कळणार? मला ढकललं तर भूकंप पण असेल आणि बॉम्ब पण.”

ह्या एका वाक्यासाठी मी मे महिन्यापासून थांबले होते, असं मला तेव्हा वाटलं. म्हणाले, “नाहीच कळणार. बाकीच्या तिघांना विचारावं लागणार.” मग त्याला व्हिएन्नाहून चालणाऱ्या जाळ्याबद्दल सांगितलं. सर्व अणुचाचण्या थांबवण्याच्या १९९६च्या करारासाठी उभारायला घेतलेलं, ३३७ केंद्रं आणि प्रयोगशाळा मिळून, त्यात १७० भूकंपाची. करार अजून लागू नाही, पण जाळं काम करतं. उत्तर कोरियानं फोडलेले सगळे सहा स्फोट त्यात उमटले. पाकिस्तानातलंही केंद्र त्याच्या यादीत आहे. त्यानं ते दोनदा विचारून घेतलं.

“आणि आपल्यात?”

आपण त्या करारावर सही केलेली नाही, आणि त्या जाळ्यातलं केंद्र आपल्या जमिनीवर नाही, हे मी सांगितलं. आपली स्वतःची यंत्रं आहेत, बंगळुरूजवळ गौरीबिदनूरला साठच्या दशकापासून आहेत, कोयनेच्या पोटात तर आपल्या माणसांनी तीन किलोमीटर खोल भोक पाडून अभ्यास चालवलाय, हेही सांगितलं. तो ऐकत होता. ऐकता ऐकता त्यानं ते दोन पाट पुन्हा जवळ आणले, स्वतःचा तळवा ठेवला, काकीचा हात उचलून तिच्या जागी ठेवला, बहिणीला बसवलं. माझ्या टोकाकडं बघितलं. मी ओवाळणीचं ताट उचलायला उठले होते.

“मग आपला कोपरा रिकामा का?”

काकीनं माझ्याकडं बघितलं. ताट मी खाली ठेवलं आणि पुन्हा पाटाशी बसले. सकाळी सांगते, असं या खेपेला म्हणाले नाही. अंगणातल्या पणत्यांत तेल होतं तोवर आम्ही बोलत होतो.